दर शब्दाला दाम : हॅम रेडिओच्या लघुबोलीचा इतिहास

‘जीएम ओएम, टीएनएक्स एफआर कॉल, यूआर आरएसटी ५७९, क्यूटीएच पुणे, रिग होमब्रू, ५ वॉट, क्यूएसबी हिअर, पीएसई क्यूएसएल व्हाया ब्युरो, ७३.’

हॅम रेडिओच्या जगात हा मजकूर अगदी रोजचा. त्याचा अर्थ असा : सुप्रभात मित्रा, हाकेला ओ दिल्याबद्दल आभार. तुझा संदेश स्वच्छ वाचता येतोय, जोर बऱ्यापैकी आहे, सूर निर्मळ आहे. मी पुण्यात आहे. यंत्र घरीच बांधलेले आहे, ताकद अवघी पाच वॉट. इकडे तुझा आवाज मधूनमधून बुडतोय. आपल्या भेटीची पावती संघटनेच्या टपालातून पाठव. शुभेच्छा. एवढ्या साध्यासुध्या गप्पांना हा चिलखती वेश कशासाठी, असे नव्या माणसाला वाटले तर त्याचा दोष नाही.

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, अँटेना उभारायची आणि कोणत्याही धंद्याशिवाय, निव्वळ हौसेपोटी, जगभरच्या तशाच हौशी लोकांशी बोलायचे. छंद शंभरावर वर्षे जुना. बाहेरच्यांना ही बोली म्हणजे मुद्दाम घातलेले कुंपण वाटते. पण यातले निम्म्याहून अधिक शब्द हॅम मंडळींनी घडवलेलेच नाहीत. ते तार कचेरीतून आणि जहाजांवरून आले आणि त्यांच्यामागे बहुतेक वेळा पैशाचा किंवा वेळेचा रोकडा हिशेब होता.

१८६६ साली अटलांटिक महासागराखालची तार कायमची सुरू झाली तेव्हा वीस शब्दांपर्यंतच्या संदेशाला २० पौंड पडत. एका शब्दाला एक पौंड! १८७० साली मुंबईही समुद्रतारेने सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. मोठमोठ्या व्यापारी पेढ्यांनी मग जाडजूड सांकेतिक कोश बाळगायला सुरुवात केली. भाव काय, गाठी किती, जहाज कधी सुटणार हे सारे एकेका बनावट शब्दात कोंबायचे आणि तारेचे बिल आटोक्यात ठेवायचे. आपल्याकडच्या सामान्य माणसालाही हा हिशेब चांगला ठाऊक होता. ‘आई आजारी, ताबडतोब निघा’ यात क्रियापदाखेरीज व्याकरण कुणी ठेवले नाही. भारतीय तार खात्याने तर शुभेच्छांना क्रमांकच देऊन टाकले होते. दिवाळीचा एक, ईदचा दुसरा, लग्नाचा आणखी वेगळा. पाठवणाऱ्याने नुसता क्रमांक सांगायचा आणि पलीकडच्या कचेरीने पूर्ण वाक्य लिहून द्यायचे. मंगल कार्यालयात आलेल्या तारा वाचून दाखवल्या जात, त्यांतल्या बऱ्याच अशा क्रमांकातून जन्मलेल्या असत. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा ही क्रमांकांची यादीही तिच्याबरोबर गेली.

आकड्यांची ही क्लृप्ती मूळची अमेरिकी तारवाल्यांची. १८५९ साली वेस्टर्न युनियन कंपनीने १ ते ९२ अशी यादी पक्की केली. ३० म्हणजे मजकूर संपला. अमेरिकी वार्ताहर पुढे कित्येक दशके बातमीच्या शेवटी ३० टाकत राहिले ते यामुळेच. आणि ७३? दोन वर्षे आधीच्या यादीत त्याचा अर्थ होता ‘माझे प्रेम’. १८५९ च्या यादीत त्याचा झाला औपचारिक नमस्कार, आणि कालांतराने ‘शुभेच्छा’. प्रेमाची जागा रिकामी झाली ती ८८ ने भरून काढली. त्याचा अर्थ प्रेम आणि चुंबने. आज हॅमच्या प्रत्येक निरोपात जे ७३ येते ते असे दीडशेहून अधिक वर्षे जुने आहे. त्याला ‘सेव्हन्टी-थ्रीज’ असे अनेकवचन लावले की जुने लोक कपाळाला हात लावतात, कारण आकड्यातच ‘शुभेच्छा’ हे अनेकवचन दडलेले आहे. ही चूक पिढ्यान् पिढ्या होते आहे आणि ती दुरुस्त करणारेही पिढ्यान् पिढ्या जन्माला येत आहेत.

बिनतारी यंत्र जहाजांवर आले आणि प्रश्न बदलला. तारेच्या दोन टोकांना बहुधा एकाच कंपनीची, एकच भाषा बोलणारी माणसे असत. समुद्रावर मात्र इटालियन जहाजाला जर्मन किनाऱ्याशी, नॉर्वेच्या जहाजाला इंग्रजांशी बोलायचे होते. त्यातच सर्वांची यंत्रे एकमेकांच्या डोक्यावर आदळत होती. ब्रिटिश सरकारने १९०९ च्या सुमारास आपल्या जहाजांसाठी तीन अक्षरी खुणांची यादी केली. प्रत्येक खूण क्यू या अक्षराने सुरू होणारी. १९१२ साली लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या नियमावलीत असे ४५ क्यू कोड आले आणि १ जुलै १९१३ पासून ते लागू झाले. केंद्रांच्या ओळखनावांत क्यू हे अक्षर पहिले येत नाही, त्यामुळे घोटाळ्याला वाव उरला नाही.

या यादीची खरी करामत तिच्या रचनेत आहे. क्यूआरएम म्हणजे ‘मला इतर केंद्रांचा त्रास होतो आहे’. त्यापुढे प्रश्नचिन्ह लावले की तोच झाला प्रश्न : ‘तुला त्रास होतो आहे का?’ क्यूआरएन म्हणजे विजांचा, हवेचा खरखराट. क्यूएसबी म्हणजे आवाज चढतो-उतरतो. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएक्स म्हणजे थांब, क्यूआरटी म्हणजे प्रक्षेपण बंद कर. ज्याला इंग्रजीचा गंधही नाही अशा माणसाला आपल्या भाषेतल्या तक्त्यावर बोट ठेवून हा सारा व्यवहार करता येतो. एस्परांतोसारख्या घडवलेल्या जागतिक भाषांचे त्या काळात मोठे कौतुक होते. पण रोज हजारो लोकांच्या हाताखाली खरोखर चाललेली जागतिक भाषा बहुधा हीच.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. मार्कोनी कंपनीने १९०४ साली संकटासाठी ‘सीक्यूडी’ ही खूण ठरवली. ‘सीक्यू’ ही तारवाल्यांची ‘सर्वांना हाक’, तिला पुढे डी जोडला. १९०६ च्या बर्लिन परिषदेत त्याऐवजी ‘एसओएस’ मान्य झाले. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे, मध्ये खंड नाही. हा ठेका कानाला चुकूच शकत नाही म्हणून तो निवडला. अक्षरांचा अर्थ काहीच नव्हता. ‘आमचे प्राण वाचवा’ वगैरे इंग्रजी अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले. १९१२ साली टायटॅनिकच्या रेडिओचालकाने आधी जुनी खूण पाठवली, मग नवी, आणि पुढे दोन्ही आलटून पालटून. नव्या संक्षेपाने जुन्याला हटवायला किती वेळ लागतो, याचा हा दाखला फार महागात पडलेल्या रात्रीचा आहे.

हौशी मंडळींनी हा सगळा ऐवज उचलला तो याच सुमारास. १९१४ साली अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन केली. नावातला ‘रिले’ महत्त्वाचा. त्या काळी एका यंत्राचा आवाज फार लांब जात नसे, म्हणून निरोप हातोहात, या गावाहून त्या गावाला, पुढे ढकलायचा असे. त्यासाठी तार कचेरीची शिस्त लागे आणि शिस्तीबरोबर भाषाही आली. डिसेंबर १९१५ मध्ये लीगचे मासिक निघाले, त्याचे नावच ‘क्यूएसटी’ ठेवले : सर्वांसाठी सूचना.

पण हौशी लोकांच्या हातात शब्द सरळ राहत नाहीत. ‘क्यूएसएल’ म्हणजे ‘निरोप मिळाला’. त्याचे झाले पोस्टकार्ड : भेट झाल्याची छापील पावती, तिच्यावर ओळखनाव, तारीख, वेळ, कधी गावच्या किल्ल्याचे चित्र. लोक ती भिंतीवर लावू लागले, खोक्यांत साठवू लागले. ‘क्यूआरपी’ म्हणजे ‘ताकद कमी कर’. त्याचा झाला एक पंथच, पाच वॉट किंवा त्याहून कमी ताकदीत पृथ्वीच्या पलीकडे पोहोचण्यात धन्यता मानणारा. क्रियापदाचे नाम झाले, नामाचे क्रियापद झाले. भारतीय हॅमही ‘क्यूएसवाय करूया’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या कंप्रतेवर जाऊया.

माणसांनाही खुणा मिळाल्या. पुरुष सारे ‘ओएम’, ओल्ड मॅन, मग वय पंधरा का असेना. बाई म्हणजे ‘वायएल’, यंग लेडी, मग वय ऐंशी का असेना. बायकोला मात्र ‘एक्सवायएल’, म्हणजे जी पूर्वी तरुणी होती ती! या विनोदात कुणाला हसू येत होते आणि कुणाला नाही, हे उघड आहे. अमेरिकेतल्या रेडिओवाल्या बायकांनी १९३९ साली स्वतःची लीग काढली आणि आपसांतल्या स्नेहासाठी ३३ हा वेगळा आकडा घेतला. ७३ रुक्ष आणि ८८ जरा जास्तच. त्यांना मधले काहीतरी हवे होते.

शीतयुद्धात या खुणांचे आणखी एक रूप दिसले. सोव्हिएत हॅमला अमेरिकी हॅमशी राजकारण बोलता येणे शक्य नव्हते, भाषाही येत नव्हती. आरएसटी, क्यूटीएच, हवामान, ७३ एवढ्यावर भेट संपे, आणि ती भेट होई हेच पुष्कळ. सोव्हिएत संघातल्या कुणाही हॅमला कार्ड पाठवायचे तर पत्ता एकच : बॉक्स ८८, मॉस्को. प्रेम आणि चुंबनांचा आकडा नेमका त्या पेटीवर यावा, यावर जगभरचे हॅम वर्षानुवर्षे गालात हसले.

आता या बोलीच्या अतिरेकाकडे वळू. त्याची टिंगल सर्वांत आधी लीगच्या संस्थापकानेच केली. १९१७ साली क्यूएसटीमध्ये ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने एक चिडका म्हातारा लिहू लागला. रात्रभर कान लावून बसावे तर ऐकू काय येते? एकमेकांवर चढलेले संदेश, अर्धवट संक्षेप, अर्थशून्य बडबड. त्या बडबडीत त्याला एक शब्द ऐकू आला, ‘वूफ हाँग’. त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये म्हाताऱ्याने मासिकाकडे एक ओबडधोबड लाकडी वस्तू धाडली : हाच तो वूफ हाँग, हवेत गोंधळ घालणाऱ्यांना शिक्षा करण्याचे हत्यार. लीगने तो मानाने जपला. कनेक्टिकटमधल्या मुख्यालयात तो ठेवलेला आहे. पुढे त्याच्या नावाने गुप्त मंडळ निघाले, अधिवेशनांत मध्यरात्री दीक्षाविधी होऊ लागले. निरर्थक शब्दाची टर उडवायला निघालेला विनोदच शेवटी आतल्या लोकांची खूण होऊन बसला. तो म्हातारा म्हणजे स्वतः मॅक्सिम, हे १९३६ साली त्यांच्या निधनानंतर उघड झाले. बंदुकीच्या आवाजाला आवर घालणारा सायलेन्सर शोधला तोही यांनीच. हवेतल्या गोंगाटावर मात्र त्यांना लाकडी सोट्यापलीकडे उपाय सापडला नाही.

मॅक्सिम यांच्या तक्रारीत तथ्य होते. मोर्सच्या खटक्यावर ‘क्यूएसएल’ वाजवणे हा शहाणपणा आहे, कारण प्रत्येक अक्षर हाताने ठोकावे लागते. पण आवाजाचे प्रक्षेपण सुरू झाले आणि तरीही माणसे मायक्रोफोनमध्ये ‘क्यूएसएल’ म्हणत राहिली. ‘हो’ म्हणायला एक अक्षर पुरते, ‘क्यू-एस-एल’ म्हणायला तीन लागतात. ‘माझे क्यूटीएच ठाणे’ हे ‘मी ठाण्याचा’ यापेक्षा छोटे नाही. इथे काटकसर संपली आणि बिल्ला सुरू झाला. आपण जुन्या घराण्यातले आहोत, खटका शिकून आलो आहोत, हे सांगणारा बिल्ला. कामाचा संक्षेप आणि मिरवण्याचा संक्षेप यांतला भेद असा सोपा आहे : बोलायला जास्त वेळ लागत असेल तर तो दुसरा.

आरएसटीचेही तेच झाले. १९३४ साली ही पद्धत आली ती फार विचारपूर्वक : संदेश किती वाचनीय हे १ ते ५, जोर आणि सूर १ ते ९. आज हॅमच्या स्पर्धांत समोरच्याला सरसकट ५९९ दिले जातात, म्हणजे सर्वोत्तम. आणि लगेच विचारले जाते, ‘तुमचे ओळखनाव पुन्हा सांगता का, नीट ऐकू आले नाही.’

याहून मोठा विरोधाभास कायद्यात आहे. हौशी रेडिओवर गुप्त भाषा वापरायला मनाई आहे. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक लिपी चालणार नाही, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात आणि आपल्याकडचे १९७८ चे नियमही. मग ही सगळी अगम्य अक्षरे चालतात कशी? कारण त्यांचे अर्थ छापून जाहीर केलेले आहेत. हॅमची बोली गुप्त नाही. फक्त ती आधी पाठ करावी लागते.

भारतात हौशी रेडिओचा पहिला परवाना १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना मिळाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच परवाने रद्द झाले, यंत्रे जमा करायचे हुकूम निघाले. १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेल्या भूमिगत काँग्रेस रेडिओमागे नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या रेडिओची जाण असलेल्या माणसांचे हात होते. ४२.३४ मीटरवरचे ते केंद्र ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडले. त्याला जनतेशी बोलायचे होते. त्याच्या निवेदनात कोड नव्हते, हिंदी आणि इंग्रजी होती.

साठ वर्षांनी कोड बाजूला ठेवण्याचा असाच प्रसंग हॅम मंडळींवर आला. अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला बरीच वर्षे मुभा नव्हती, म्हणून ‘व्हीयू-फोर’ हे अंदमानचे ओळखनाव जगभरच्या हॅमना हवेहवेसे होते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या संस्थेची तुकडी भारती प्रसाद यांच्यासह पोर्ट ब्लेअरला पोहोचली आणि जगभरातून हाकांचा पाऊस सुरू झाला. ओळखनाव, ५९९, ७३, पुढचा. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचे दूरध्वनी गेले आणि तुकडीने तो खेळ तिथेच सोडून निरोप्यांचे काम अंगावर घेतले. अमुक गावचा अमुक सुखरूप आहे का, त्याच्या घरी कळवा. माणसांच्या नावांना आणि गावांना संक्षेप नसतो. तिथे कामी आली ती शंभर वर्षांची दुसरी शिकवण : एकाने बोलावे, बाकीच्यांनी थांबावे, ऐकलेले परत म्हणून खात्री करावी.

या बोलीची पिल्ले कुठवर गेली तेही पाहण्यासारखे आहे. हॅम हसतो तेव्हा मोर्समध्ये ‘एचआय’ पाठवतो, चार टिंबे आणि मग दोन. कानाला खरोखर खिदळल्यासारखे लागते. मोबाइलवरच्या ‘एलओएल’च्या कितीतरी आधीचे हे हसू आहे. १२ डिसेंबर १९६१ रोजी हौशी लोकांनी बांधलेला पहिला उपग्रह ऑस्कर-१ अवकाशात गेला, तो तीन आठवडे पृथ्वीभोवती फिरत हीच दोन अक्षरे पाठवत होता. आपल्या इस्रोने २००५ च्या मे महिन्यात हॅमसाठी ‘हॅमसॅट’ सोडला, तो २०१४ पर्यंत चालला. दुसरी शाखा त्याहून अनपेक्षित. रॉबर्ट वाइटब्रेक्ट हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ स्वतः कर्णबधिर आणि हॅम. १९६४ साली त्यांनी टेलिप्रिंटर साध्या टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली आणि बहिऱ्या माणसांना फोन मिळाला. त्या टंकित संभाषणात ‘आता तू बोल’साठी ‘जीए’ आणि ‘संपले’साठी ‘एसके’ रूढ झाले, दोन्ही तार-रेडिओच्या परंपरेतले. हॅम जगात एसकेला आणखी एक अर्थ आहे : ज्याचा खटका कायमचा शांत झाला तो, म्हणजे दिवंगत हॅम.

आणि आता चाक पुन्हा फिरले आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली. खटका गेला की खुणाही जातील, असे पुष्कळांना वाटले. २०१७ साली मात्र नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी ‘एफटी-एट’ ही संगणकी पद्धत आणली. कानाला ऐकूही न येणारे क्षीण संकेत ती पकडते. त्यासाठी किंमत एकच : पंधरा सेकंदांच्या एका पाळीत फक्त ७७ बिट. मोकळा मजकूर लिहायचा तर तेरा अक्षरांत. एका शब्दाला एक पौंड मोजणाऱ्यांच्या वेळची टंचाई पुन्हा आली आणि तिच्याबरोबर संक्षेपही पुन्हा खऱ्या कामाला लागले. ‘तुझे सर्व मिळाले, शुभेच्छा’ हे एफटी-एटमध्ये ‘आरआर७३’ असे जाते. गंमत म्हणजे हॅमच्या नकाशा-पद्धतीत आरआर७३ हा एक खरा चौकोनही आहे. तो उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात पडतो. तिथून कुणी हॅम हाक देईल अशी शक्यता जवळजवळ नाही, म्हणून ती अक्षरे निरोपासाठी बिनधास्त वापरता येतात.

भारतात बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येते, आणि अभ्यासक्रमात क्यू कोडची यादी अजून आहे. ज्यांना या छंदात उतरायचे आहे त्यांनी तिच्यातले डझनभर आधी घोटावेत : क्यूआरएम, क्यूआरएन, क्यूएसबी, क्यूटीएच, क्यूएसएल, क्यूएसवाय, क्यूआरएक्स, क्यूआरटी, क्यूआरपी, क्यूएसओ (भेट), क्यूआरझेड (मला कोण हाक देतो आहे?), क्यूआरएल (मी कामात आहे). बाकीचे कानावर पडत राहिले की येतात. आणि मायक्रोफोन हातात असेल तेव्हा ‘हो’ला ‘हो’च म्हणावे.